बेटावर थुंकायला जागा नाही

जूचंद्रहून अर्नाळ्याच्या बेटावर जायला शहाणी माणसं रिक्षा करतात, बस पकडतात, निदान कुणाची मोटरसायकल मागून आणतात. आम्ही पाण्याच्या टँकरने गेलो.

टँकर माझ्या मामाचा. गजूमामाकडे चारचाकी गाडीही आहे, पण महत्त्वाच्या कामाला टँकरच न्यावा असं त्याचं मत आहे. समोरचा आपोआप बाजूला होतो. काम महत्त्वाचंच होतं. माझ्या धाकट्या बहिणीने, दीपाने, बेटावरच्या एका मुलाशी लग्न ठरवलं होतं. म्हणजे तिने ठरवलं होतं, आम्ही ठरवायचं बाकी होतं. मामा बेटावर पाणी थुंकायला चालला होता, आणि त्याने ते नीट थुंकलं की नाही हे बघायला मी.

हे वाचून कुणाला किळस वाटली असेल तर त्याने आधी आमचं गाव समजून घ्यावं. आम्ही खाडीकाठचे. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं. उन्हाळा लागला की विहिरीचं पाणी मचूळ (किंचित खारट) व्हायचं आणि बाया हंडे घेऊन कुठल्या कुठे जायच्या. म्हणून आमच्यात मुलगी देण्याआधी तिच्या मामाने मुलाच्या घरी जायचं आणि तिथल्या पाण्याची चूळ तोंडात घ्यायची. गिळली तर सोयरीक पक्की. अंगणाबाहेर जाऊन जमिनीवर थुंकली तर राम राम. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. याहून सभ्य नकार मी तरी कुठे पाहिलेला नाही. नळ आले, टँकर आले, तसा हा रिवाज नावापुरता उरला. हल्ली मामालोक एक घोट पितात आणि लगेच थंडगार काहीतरी मागतात.

दीपाच्या वेळी मात्र रिवाज खडखडीत जागा झाला, कारण मुलगा कोळी आणि आम्ही आगरी. आमच्या घरात जातीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घरात शिकलेली मुलगी असल्याचा हा फायदा. शिकलेली म्हणजे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली आणि पदवी घेऊन उतरलेली पहिली व्यक्ती, बी. ए., भूगोल आणि इतिहास. हे मी सांगणार, पुन्हा सांगणार. ज्यांच्या आजोबांच्याही भिंतीवर पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी खुशाल विनय दाखवावा.

तर जातीबद्दल कुणी बोललं नाही. त्याऐवजी सगळे पाण्याबद्दल बोलले.

"बेटावर पानी काय असनार? चारी बाजूनी दर्या," बाबा म्हणाले.

"पोरीचे केस गलतील," आत्या म्हणाली. तिचे स्वतःचे केस नळाच्या पाण्याने गेलेत.

माझ्या चुलत्याने आयुष्यात पहिल्यांदा 'क्षार' हा शब्द वापरला आणि तो इतका आवडला की चार वेळा वापरला.

मग बाबांनी मामाला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे मला नीट ऐकू येईल इतक्या अंतरावर. "गजू, जाऊन थुंकून ये. बायला संगती ने. शिकलेली माणूस साक्षीला बरी दिसते."

दीपा नर्स आहे. ती ड्युटीवर जाताना चपला घालत होती. तिने आदळआपट केली नाही, रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ताई, तू भूगोल शिकलीस ना? मग कर काहीतरी."

आता भूगोलाने नेमकं काय करायचं असतं, हे कुठल्याही परीक्षेत आलं नव्हतं.

सकाळी निघालो. गावाबाहेर एका नव्या संकुलाच्या कमानीसमोर मामाने वेग कमी केला. कमानीवर दोन सिंह, आत कारंजं, कारंज्यात पाणी नाही.

"हितं आयेची, तुज्या आजीची विहीर होती," मामा म्हणाला. "बरोब्बर त्या कारंज्याखाली." मग गिअर टाकत म्हणाला, "आता मीच त्यांना पानी घालतो."

हे त्याने अभिमानाने सांगितलं की कसं, ते मला कळलं नाही.

विरारमध्ये शिरलो आणि टँकरने प्रवास करण्याचा मान काय असतो ते समजलं. प्रत्येक सोसायटीच्या फाटकातून आम्हाला हात होत होते. कोकणातून आलेले, देशावरून आलेले, मुंबईत परवडत नाही म्हणून आलेले. सगळे नोकरदार, इस्त्रीचे शर्ट, हातात बादली. एका सोसायटीचे सेक्रेटरी तर टँकरच्या बाजूने पळू लागले.

"ओ दादा! थांबा! बी विंगला कालपासून पाणी नाही!"

"रिकामा हाय!" मामा खिडकीतून ओरडला.

"मग चाललात कुठे?"

"पानी बघायला!"

सेक्रेटरी जागीच उभे राहिले. बघायलाही पाणी मिळतं अशी जागा त्यांना ठाऊक नसावी.

आगाशी मागे पडली की रस्ता चिंचोळा होतो. दोन्हीकडे वाड्या (बागायती), केळी, चाफा, नारळ, वळणावर एखादा क्रूस, पुढच्या वळणावर एखादं देऊळ, आणि मग एकाएकी सुक्या मासळीचा वास. तो आला की अर्नाळा आलं. ज्यांना हा वास सहन होत नाही ते इथे गाडीच्या काचा वर करतात, आणि संध्याकाळी हॉटेलात बसून तीच मासळी तळून मागवतात.

किनाऱ्यावर उभं राहिलं की बेट समोरच दिसतं. इतकं जवळ, की हाक मारली तर कुणीतरी ओ देईल. माडांची रांग, त्यामागे किल्ल्याची काळी भिंत. इथे मी पदवीच्या अधिकाराने चार वाक्यं सांगते. वैतरणा नदी इथे समुद्राला मिळते आणि तिच्या तोंडाशी हे बेट नाक्यावरच्या टपरीसारखं बसलेलं आहे. येणारा-जाणारा त्याच्या नजरेतून सुटत नाही. ज्याच्या हातात बेट त्याच्या हातात नदीची वाहतूक. म्हणून आधी गुजरातचे सुलतान आले, मग पोर्तुगीज, मग मराठे, मग इंग्रज. प्रत्येकाने आधीच्याच्या भिंती दुरुस्त केल्या आणि किल्ला आपला म्हणून सांगितला. आमच्याकडे एकाच गटाराची उद्घाटनं होतात, तसंच. पोर्तुगीज याला गाईंचं बेट म्हणत. मी दिवसभरात एकही गाय पाहिली नाही. शेळ्या पाहिल्या, कोंबड्या पाहिल्या, आणि ट्रेकर पाहिले.

ट्रेकर होडीतच भेटले. होडी काठाला लागत नाही. ती गुडघाभर पाण्यात थांबते आणि माणसांनी तिच्याकडे जायचं असतं. एकसारखे टी-शर्ट घातलेली ती मंडळी पँटचे पाय वर करून, बूट गळ्यात अडकवून, मोहीम फत्ते केल्यासारखी ओरडत चढली. त्यांच्याच शेजारून एक कोळीण डोक्यावर गॅसची टाकी घेऊन चढली. ती ओरडली नाही.

मामाने घरून बाटलीबंद पाणी घेतलं होतं. दुसऱ्यांना विहिरीचं आणि बोअरचं पाजणारा माझा मामा स्वतः बाटलीचंच पितो. होडीत चढताना एका हाताने पँट धरली, दुसऱ्या हाताने चपला, आणि बाटली काखेत. लाट आली, मामाने काख उघडली, आणि बाटली डुलत डुलत गुजरातच्या दिशेने निघाली.

"माझा पानी!"

"जाऊ दे काका," तांडेल (होडी चालवणारा) म्हणाला. "भरतीला येल परत. नाय आली तर दर्यात काय कमी हाय?"

होडीत ट्रेकरांचा म्होरक्या उभा राहून माहिती देऊ लागला. किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला, असं त्याने ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी म्हटलं, "महाराजांच्या नंतरची गोष्ट आहे. पेशव्यांच्या काळात मराठ्यांनी हा पोर्तुगीजांकडून घेतला. दरवाजावर लेख आहे, देवनागरीत. वाचता येईल तुम्हाला."

"मॅडम, तुम्ही गाईड आहात का?"

"नाही. बी. ए. आहे."

तो पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

बेटावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि मामाच्या घशाला कोरड पडली होती. पहिली गोष्ट कळली ती ही, की इथे पाऊल कुठे टाकायचं ते बघावं लागतं. वाळूवर जाळी पसरलेली, जाळ्यांशेजारी ताडपत्रीवर जवळा (बारीक कोलंबी) वाळत घातलेला, डोक्यावर बांबूंच्या वलांडीवर (मासळी वाळवायच्या मांडवावर) ओळीने बोंबील लटकलेले, एकमेकांच्या तोंडात तोंड घालून. दोन घरांमधून वाट जाते ती बहुतेक कुणाच्या तरी स्वयंपाकघरासमोरून. सगळं बेट माणसांनी हातरुमालासारखं घडी घालून वापरलेलं.

केतनचं घर टोकाला होतं. केतन म्हणजे दीपाने ठरवलेला मुलगा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. रिवाजाप्रमाणे मुलगा समोर नसतो, म्हणून त्याला शेजारच्या धक्क्यावर कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालून बसवलं होतं. वडील बोटीवर गेलेले. घरात त्याची आई, हिराबाय. अंगाने भरलेली, केसांत अबोली, आवाज असा की भिंतीपलीकडच्या माणसालाही आपल्याशीच बोलतेय असं वाटावं.

"यावा, बसा. ऊन लय हाय. वाट गावली ना?"

"गावली," मामा म्हणाला. "आधी पानी." रिवाज होता, आणि तहानही होती.

हिराबायने पदर खोचला. "दोन हंडे हायत घरात. एक किल्ल्यातल्या विहिरीचा. गोडं पानी, साखरेसारखा. एक आमच्या परसातल्या विहिरीचा. आदी ते पन गोडं होता. दर्या जवल आला तवापासून मचूल झालाय."

मी मनात देवाचे आभार मानले. समुद्राच्या मधोमध गोड पाण्याची विहीर, किल्ला ज्यांनी बांधला त्यांनी ती बघूनच बांधला असणार. तो एक लोटा मामाच्या हाती दिला की काम झालं.

"मग गोडाच आना की," मामाही म्हणाला. घसा माणसाला प्रामाणिक बनवतो.

"गोडं पाव्हन्याला देतो," हिराबाय म्हणाली. "तुम्ही सोयरीक बघाया आलात. तुम्हाला घरचा देते."

आणि तिने दुसऱ्या हंड्यातून लोटा भरला.

मी कपाळाला हात लावला. फसवायची एवढी आयती सोय असताना न फसवणारी माणसं जगात आहेत हे बरंच आहे, पण त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नात तरी ती खोड दाबून ठेवायला हवी होती.

मामाने लोटा तोंडाला लावला. गाल फुगले. भुवया वर गेल्या. वर्षानुवर्षं पाणी विकणाऱ्या माणसाची जीभ ती. तिला सगळं कळलं. तो उठला, माझ्याकडे 'चल' अशी मान केली आणि अंगणाबाहेर चालू लागला. त्याच्या मागे मी. माझ्या मागे लोटा घेऊन हिराबाय. हेही रिवाजातलंच. घरची बाई लोटा घेऊन मागे जाते. गिळलं तर वरून आणखी ओतायला, थुंकलं तर तोंड धुवायला.

अंगणाबाहेर पाऊल टाकून मामा उजवीकडे वाकला.

"ओ काका! बघून! जवला हाय!" एक म्हातारी खराटा घेऊन उठली.

मामा डावीकडे वळला. डावीकडेही जवळाच होता. वर बोंबील.

"मामा," मी हळूच म्हटलं, "हे यांचं वर्षभराचं पोट. आपल्या खळ्यातल्या भातावर कुणी थुंकलं असतं तर?"

मामाने डोळे वटारले. तोंड बंद असल्यामुळे तेवढंच शक्य होतं. आयुष्यात पहिल्यांदा मामा मला मध्येच तोडू शकत नव्हता, आणि दीपाने सांगितलेलं 'काहीतरी' काय असतं ते मला कळलं. मी पदर सारखा केला आणि त्याच्या बाजूने चालू लागले.

पुढच्या वळणावर त्याने एका ओट्याचा कोपरा हेरला.

"कालिकामातेचं देऊळ," मी म्हटलं. "बोटी हिला सांगितल्याशिवाय निघत नाहीत म्हणतात."

मामाने फुगलेल्या गालांनी हात जोडले आणि पुढे निघाला.

मग शाळेची भिंत आली. आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर स्वच्छतेचं वचन रंगवतात ते नेम धरायला सोपं जावं म्हणून. इथे वचन होतं, पण भिंत कोरी. एक डाग नाही. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मामा भिंतीसमोर क्षणभर उभा राहिला. आधीचा एखादा डाग असता तर त्याचं काम झालं असतं. पहिला डाग आपला पडावा, हे काही त्याला जमेना.

किल्ल्याच्या दरवाजात ट्रेकर होतेच. दरवाजा देखणा आहे, दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले हत्ती आणि वाघ, वर लेख. म्होरक्या लेखाकडे पाठ करून इतिहास सांगत होता. मामाला होडीत पाहिलेलं साफ विसरून त्याने मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"आणि हे आपल्याला भेटलेत बेटावरचे एक जुनेजाणते काका! काका, किल्ल्याबद्दल दोन शब्द?"

मामाने त्याच्याकडे पाहिलं. गाल फुगलेले, डोळे लाल, कपाळावर घाम.

"काका? इतिहास ऐकून ऊर भरून आलाय का?"

मामाने मान हलवली. कुठल्या प्रश्नाला ते त्यालाच माहीत.

"बघा मित्रांनो," म्होरक्या मोबाईलला म्हणाला, "काही भावना शब्दांत सांगता येत नाहीत."

हिराबाय मागे पदराने तोंड दाबून उभी होती. लोटा हिंदकळत होता.

किल्ल्याच्या आत भाजीचे वाफे आहेत, महादेवाचं देऊळ आहे, त्याच्यासमोर आठ कोनांचं तळं आहे, आणि पिराचा दर्गा आहे. म्हणजे थुंकण्याच्या दृष्टीने निकामी जागा. मी प्रत्येकाची माहिती दिली. तळ्याची जरा लांबवली. विहिरीवर दोन बाया पाणी ओढत होत्या. बादली वर आली, काठावरून पाणी सांडलं, आणि मामा ते सांडलेलं पाणी बघत उभा राहिला. समोर गोडं पाणी, तोंडात मचूळ, आणि दोन्हींच्या मध्ये आमच्या वाडवडिलांचा रिवाज. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पण माझा मामा रिवाजाचा पक्का. त्याने ओठ घट्ट मिटले आणि उलट पावली दरवाजाबाहेर पडला.

किल्ल्याबाहेर दक्षिणेकडे एक गोल बुरूज एकटाच उभा आहे. सबंध किल्ल्याशी भांडण करून वेगळा राहिल्यासारखा. मामा त्याच्या रोखाने झपाझप निघाला.

"इथून टेहळणी करायचे," मी मागून म्हटलं.

मामा थांबला नाही.

"खाडीत शिरणारी प्रत्येक होडी इथून दिसायची."

मामाने मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्या आवाजात जोर उरला नव्हता, हे त्यालाही कळलं असणार. बुरुजाच्या पुढे देऊळ नव्हतं, दर्गा नव्हता, शाळा नव्हती. नुसता किनारा, लाटांनी खाल्लेला, उघड्या मुळांचा एक आडवा माड, आणि वाळूत अर्धा गाडला गेलेला एक मोडका ओटा. आसपास जवळाही नाही. माझा इतिहास संपला, भूगोलही संपला. दीपा त्या वेळी कुठल्या तरी पेशंटला सलाइन लावत असेल, आणि इथे तिच्या संसाराला जेमतेम दहा पावलं उरली होती.

मामा ओट्यापाशी पोहोचला. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे साक्षीदार जागेवर आहे की नाही ते पाहिलं, आणि ओट्याच्या तुटलेल्या कोपऱ्यावर वाकला. कोपऱ्यात दोन काळे दगड होते, शेजारी तिसऱ्याची खाच.

"टाका टाका, हितं टाका," हिराबाय मागून म्हणाली. आवाज तोच, मोठा, मोकळा. "ती माझी चूल होती. हितंच घर होता आमचा. दर्यानं घेतला, मग आम्ही मागं सरलो. आता ती जागा दर्याची. दर्या काय बोलनार नाय तुम्हाला."

ती टोमणा मारत नव्हती. एका दमलेल्या पाहुण्याला तिने जागा दाखवली होती, बस.

मामा तसाच वाकलेला राहिला. एक लाट आली, दगडांवरून गेली, परत फिरली. दगड धुऊन काळेभोर झाले. मामा त्यांच्याकडे बघत होता. मला कमानीवरचे सिंह आठवले आणि ते कोरडं कारंजं. त्याला काय आठवत होतं ते मी सांगू शकत नाही, त्याचं तोंड बंद होतं.

मग तो सरळ झाला, आणि त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली. मोठा आवाज झाला. ऐकणाऱ्याला लाज वाटावी असा.

हिराबाय पुढे आली आणि तिने लोटा तिरका केला. मामाने ओंजळ धरली आणि सगळा लोटा प्यायला. मग पहिलं वाक्य बोलला, "लय मचूल हाय हो."

"बोलले ना मी," हिराबाय म्हणाली. "चला, जेवून घ्या."

जेवायला तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि जवळ्याची चटणी, म्हणजे ज्याच्यावर मामा मघाशी थुंकणार होता तोच बहुधा. केतन आला, कोपरापर्यंत ग्रीस, मामाच्या पाया पडायला वाकला आणि मामाने पँट वाचवायला पाय मागे घेतले. चटणी झणझणीत होती. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैनी, ते गोडं पानी हाय ना घरात? किल्ल्यातला?"

"हाय की."

"मग जरा..."

"ते पाव्हन्याला," हिराबाय म्हणाली आणि घरच्या हंड्यातून त्याचा पेला भरला. "तुम्ही आता घरचे."

मला मात्र तिने गोडं दिलं. मी अजून पाहुणी होते म्हणे. खरंच साखरेसारखं होतं. मी ते मामासमोर हळूहळू प्यायले.

परतीची होडी निघाली. बेट मागे सरकत होतं, माडांच्या खाली मघाचा बुरूज बोटभर दिसत होता. अर्ध्या वाटेवर मामा तांडेलाला म्हणाला, "काय रं, या होडीतून केवढी टाकी जाईल?"

"टाकी? कशाला?"

"अशीच."

"काका, बेटावर कोन टँकरचा पानी पीत नाय," तांडेल हसला. "तुमचा तिकडंच विका."

मामाने नाक फेंदारलं. मग जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "तोंडात लय वेल धरला ना बाय, की खारा लागायचा बंद होतो. आपलाच होतो तो."

रस्त्यात त्या सेक्रेटरींनी पुन्हा हात केला. या वेळी मामाने टँकर थांबवला आणि उद्या सकाळी येतो म्हणून सांगितलं. "बघितलंत का पाणी?" सेक्रेटरींनी विचारलं. "बघितला," मामा म्हणाला. "तुमच्यापरीस बरा हाय."

घरी सगळे ओट्यावर बसले होते. बाबा, आत्या, चुलता. दीपा नुकतीच ड्युटीवरून आली होती आणि दारातच उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात. चहा आला. बाबांनी मामाने बशीत चहा ओतेपर्यंत धीर धरला.

"थुंकलास ना?"

"जागा नव्हती, भावजी."

"म्हंजे?"

"थुंकायला जागाच नव्हती बेटावर."

बाबा माझ्याकडे वळले. "आनि तू काय करत होतीस?"

"माहिती देत होते."

"पन पानी कसा हाय? क्षार..." चुलत्याने तोंड उघडलं.

"हायत," मामा म्हणाला. "मचूल हाय. पन पोटात गेला. आता?"

आता बाबांपुढे एकच वाट उरली होती. पाण्याचं निमित्त तर मामा पिऊन आला होता. खरं कारण मोठ्याने बोलायचं, दीपाच्या तोंडावर, माझ्या पदवीसमोर. बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. माणसं सुधारतात असं मी म्हणत नाही. पण मनातलं चारचौघांत बोलायची लाज वाटणं, हीसुद्धा आमच्या गावात मोठीच मजल आहे.

"गिललेला काय बाहेर काढतात काय," शेवटी ते पुटपुटले. "तारीख बघा."

दीपाने हातातली चप्पल खाली ठेवली.

प्रवासाहून परतल्यावर त्या जागेविषयी काहीतरी उदात्त सांगायची पद्धत आहे. मी एवढंच सांगते. आमच्या पुस्तकात बेटाची व्याख्या होती, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. पाठ करून मी तिचे गुणही मिळवले. ते मी परत करणार नाही, पण व्याख्या मला अपुरी वाटते. जिथे मागे सरायला फारशी जमीन उरलेली नाही, तिथे प्रत्येक वितीवर कुणाचा तरी जीव वाळत घातलेला असतो. आमच्याकडे जमीन अफाट, म्हणून आम्ही जिन्यांचे कोपरे लाल करतो, खाडी भरून काढतो आणि विहिरीवर कारंजी बांधतो.

मामा रात्री आमच्याकडेच राहिला. सकाळी उठून त्याने नेहमीप्रमाणे मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावली आणि तोंड भरून गल्लीत आला. समोरची कंपाऊंडची भिंत सगळ्या आळीची हक्काची. कित्येक वर्षांच्या पिचकाऱ्यांनी तिचा मूळ रंग कुणाला आठवत नाही. मामा तिच्यासमोर जाऊन वाकला. तसाच थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं, जवळा नव्हता, देऊळ नव्हतं, आणि मी खिडकीत असले तरी एक शब्दही बोलले नव्हते.

मग तो गाल फुगवून तसाच आत आला आणि मोरीत गेला.